‘आम्ही कोण?’चा घाट

एखादी कविता फार लोकप्रिय झाली म्हणजे तिचें वाचन बंद पडतें. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या सुनीताचें असेंच झालें आहे. पहिल्या ओळींतला प्रश्न सर्वांना पाठ. शेवटच्या दोन ओळी संमेलनांच्या भाषणांतून व स्मरणिकांच्या पानांवर वारंवार भेटणाऱ्या. आणि मधल्या अकरा ओळी मात्र शाळा सुटल्यावर बहुतेकांनीं पुन्हां उघडून पाहिलेल्या नाहींत. त्यांत भर म्हणून १९२५ सालीं ‘झेंडूचीं फुलें’ निघालीं, ‘केशवकुमारां’नीं, म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे यांनीं, या कवितेचें विडंबन केलें, आणि तेव्हांपासून मूळ कवितेचा आरंभ ऐकतांच श्रोत्यांच्या ओठांवर हंसूं फुटूं लागलें. परिणामीं ‘कवींनीं स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली आहे’ हा या कवितेवरचा शेरा जवळजवळ कायमचा होऊन बसला.

हा शेरा अगदींच खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण चौदा ओळींत अकरा वेळां ‘आम्ही’ हें सर्वनाम कोणत्या ना कोणत्या रूपानें यावें, आणि तरीहि कवितेची नुसती बढाई होऊं नये, हें कशामुळें साधलें याचा विचार केल्याशिवाय तो शेरा मान्यहि करतां येत नाहीं. अर्थाच्या वाटेनें हा विचार पुष्कळांनीं केला आहे. आम्हांला तो येथें वृत्त, यमक आणि रचना यांच्या वाटेनें करावयाचा आहे. (आमचा ‘आम्ही’ हा मासिकांत लिहिणाराचा भिडस्त ‘आम्ही’ असून कवितेंतल्या ‘आम्ही’शीं त्याचें कांहीं नातें नाहीं, एवढा खुलासा आधींच केलेला बरा.) कविता सर्वत्र मिळते, वाचकांनीं ती समोर ठेवावी आणि ओळींचीं अक्षरें आमच्याबरोबर मोजावीं, एवढीच विनंति.

कविता १९०१ सालची, खानदेशांतल्या फैजपूर येथली. कृष्णाजी केशव दामले हे तेव्हां पस्तीस वर्षांचे शाळामास्तर होते. पुढें चारच वर्षांनीं, १९०५ सालीं, हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला. चौदा ओळींचा हा परदेशी काव्यप्रकार त्यांनीं ‘मयूरासन आणि ताजमहाल’ या कवितेंत १८९२च्या सुमारासच मराठींत आणला होता. ‘सुनीत’ हें नांव त्याला मागाहून मिळालें. म्हणजे ‘आम्ही कोण?’ हा नवशिक्याचा प्रयोग नव्हे, हात बसल्यानंतरचें काम आहे.

वृत्त शार्दूलविक्रीडित. हें वृत्त ओळखतां येत नाहीं असा मराठी शाळेंत शिकलेला मनुष्य विरळा, आणि ओळखल्यावर त्याचें काय करावयाचें हें ठाऊक असलेला त्याहूनहि विरळा. म, स, ज, स, त, त, ग हे गण घोकले, ओळीवर लघुगुरूंच्या खुणा केल्या, पदरांत गुण पडले, कीं वृत्ताचा आणि कवितेचा संबंध संपला, अशी आमच्या शिक्षणाची रीत आहे. वस्तुतः या वृत्ताची ओळख मराठी माणसाला शाळेच्या आधीं लग्नमंडपांत होते. अंतरपाट धरलेला असतो, हातांत अक्षता असतात, आणि भटजी व त्यांच्या पाठोपाठ आत्याबाई जीं मंगलाष्टकें म्हणतात तीं बहुधा शार्दूलविक्रीडितांतच असतात. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकांत मुलीला सासरीं धाडतांना कण्वांच्या तोंडून निघणारा प्रसिद्ध श्लोकहि याच वृत्तांतला. चालतांना मध्येंच दमदारपणें थांबणारें, सभेंत उभें राहून म्हणण्याचें असें हें वृत्त आहे.

एकोणीस अक्षरांची ओळ. पैकीं बारा अक्षरांनंतर यति, पुढें सात. मात्रा मोजल्या तर पहिल्या भागाच्या अठरा व दुसऱ्याच्या बारा, मिळून तीस. पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ओळीचा आरंभ लागोपाठ तीन गुरूंनीं होतो; यतीनंतरचा सात अक्षरांचा भागहि दोन गुरूंनीं सुरू होतो. ओळीला दोन दारें आहेत असें म्हटलें, तर दोन्ही दारांशीं जड पावलें टाकणारालाच प्रवेश आहे.

आतां या कवितेंतलें मुख्य पात्र जें ‘आम्ही’, त्याचें वजन करून पाहावें. दोन्ही अक्षरें गुरु. ‘आम्हांला’ हें रूप घेतलें तर तीन गुरु, म्हणजे आरंभींचा मगण पुरा. यतीचें अंतर ओलांडून बसणें सोडून दिलें, तर या एकोणीस अक्षरांच्या ओळींत दोन गुरूंच्या शब्दाला बसावयास चारच जागा आहेत: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तेरावी-चौदावी आणि सोळावी-सतरावी. केशवसुतांनीं या चारहि जागा व्यापल्या आहेत. पहिल्या ओळींत तर ‘आम्ही’ दोन्ही दारांशीं उभा आहे. दुसऱ्या व पांचव्या ओळींत तो यतीनंतर लगेच येतो. आठवींत सोळाव्या जागीं. अकरावी-बारावींत दुसऱ्या जागीं. आणि अखेरच्या दोन्ही ओळी त्याच्यापासूनच सुरू होतात. उरलेली दोन रूपें, ‘अमुची’ व ‘आमुचा’, चौथ्या व सहाव्या ओळींत पोटांत आलीं आहेत. (एकाच सर्वनामाचा पहिला स्वर एका ठिकाणीं ऱ्हस्व व दुसऱ्या ठिकाणीं दीर्घ, ही गणांसाठीं घेतलेली सवलत आहे. ती मराठी कवींनीं पूर्वींपासून घेतली आहे आणि कानाला ती खटकत नाहीं.)

आणि ‘तुम्ही’? कवितेंत प्रतिपक्ष म्हणून ज्याला उभें केलें आहे त्या ‘तुम्ही’चें वजन लघु-गुरु आहे. अशा शब्दाला ओळीच्या पहिल्या दारीं उभें राहतां येत नाहीं. यतीनंतरच्या दारींहि नाहीं. ‘तुमचा’ म्हणा, ‘तुम्हांला’ म्हणा, पहिलें अक्षर लघु तें लघुच. त्यामुळें आठव्या ओळींत ‘तुम्ही’ सातव्या-आठव्या जागीं, आणि बाराव्या ओळींत ‘तुम्हां’ अकराव्या-बाराव्या जागीं, असा मधल्या गर्दींत येतो. कवितेचा विषयच ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांची तुलना हा आहे. आणि हें वृत्त असें कीं, त्यांत ‘आम्ही’ला मानाचीं आसनें आपोआप मिळावीं व ‘तुम्ही’ला तीं मुळींच मिळूं नयेत. हा पक्षपात शब्दांत सांगण्याची कवीला गरजच राहिली नाहीं. केशवसुतांनीं हें पाटीवर मोजून केलें असेल असें आम्हांला वाटत नाहीं. ज्याचा कान तयार झालेला असतो त्याला अशीं मोजमापें करावीं लागत नाहींत.

येथें एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. संस्कृताच्या नियमाप्रमाणें संयुक्ताक्षराच्या आधींचें अक्षर गुरु होतें. मग ‘तुम्ही’मधला ‘तु’ लघु कसा? उत्तर असें कीं, मराठींत ‘म्ह’ हें लिहावयास जोडाक्षर असलें तरी उच्चारांत तो एकच महाप्राण वर्ण आहे. त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाहीं. पहिल्याच ओळींत ‘म्हणूनि’च्या आधींचें अक्षर असेंच लघु राहिलें आहे, आणि नवव्या ओळींतल्या भूतकाळी क्रियापदांत ‘ल्या’पूर्वींची ‘वि’हि लघु आहे. उलट बाराव्या ओळींतला ‘शरण्य’ किंवा तेराव्या ओळींतला ‘गतप्रभ’ हे संस्कृत शब्द पाहावे. तेथें जोडाक्षरापूर्वींचें अक्षर नियमाप्रमाणें गुरु झालेलें आहे. म्हणजे एकाच कवितेंत दोन न्याय चालू आहेत: संस्कृत शब्दाला संस्कृताचा, मराठी शब्दाला मराठी जिभेचा. याला कोणी शैथिल्य म्हणेल. आम्ही याला शुद्धता म्हणतों, कारण ती कानाची शुद्धता आहे. संस्कृताचा नियम आंधळेपणानें लावला असता तर ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ सारख्याच वजनाचे झाले असते, आणि वर सांगितलेला सारा तोलच नाहींसा झाला असता.

वृत्ताचें एवढें कौतुक केल्यावर त्याची अडचणहि सांगितली पाहिजे. इंग्रजी सुनीताची ओळ दहा अक्षरांची. चौदा ओळींची बेरीज एकशेंचाळीस. शार्दूलविक्रीडितांतल्या चौदा ओळींची बेरीज दोनशें सहासष्ट. नुसतीं अक्षरेंच मोजलीं तर इंग्रजी सुनीत शार्दूलविक्रीडिताच्या साडेसात ओळींत संपतें. मराठी शब्द प्रत्ययांमुळें लांबतात, हें लक्षांत घेऊन पुष्कळ सूट दिली तरी ‘चौदा ओळी’ हें माप दोन्ही भाषांत एक राहत नाहीं. इंग्रजींत ज्या आकाराचें मुख्य ब्रीद आटोपशीरपणा, तो येथें ऐसपैस होतो आणि रिकाम्या जागा भरून काढण्याचा मोह कवीला होतो. या सुनीतांत तो मोह सहाव्या-सातव्या ओळींत स्पष्ट दिसतो. दोन्ही ओळींत यतीच्या अगदीं आधीं ‘-तसे’ या शेवटाचें लांबवलेलें क्रियापद आलें आहे. सातव्या ओळीच्या अखेरीस, नामाच्या मागून, एक ‘या’ केवळ यमकासाठीं येऊन बसला आहे. सबंध कवितेंतली ही सैल जागा होय. नवव्या-दहाव्या ओळींच्या टोकांचीं अव्ययासारखीं भासणारीं चिमुकलीं अक्षरें मात्र आम्ही भरतीचीं मानीत नाहीं. तीं बोलण्याच्या सुरांतलीं आहेत, समोरच्याला डिवचून विचारणाऱ्या माणसाच्या तोंडचीं आहेत.

यमकांकडे वळूं. पहिल्या आठ ओळींत दोनच यमकें आहेत, ‘के’ आणि ‘या’ या शेवटांचीं: पहिली, चौथी, पांचवी व आठवी एका यमकाच्या, दुसरी, तिसरी, सहावी व सातवी दुसऱ्याच्या. पुढें नववीला अकरावी व दहावीला बारावी जुळते. आणि शेवटच्या दोन ओळी एकमेकींना. आठ ओळींचा साचा पेट्रार्कचा. अखेरची जोडी इंग्रजी वळणाची. या दोहोंचा नेमका असा मेळ इंग्रजींत सर फिलिप सिडने याला विशेष प्रिय होता. १५९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘ॲस्ट्रोफेल अँड स्टेला’ या सुनीतमालेंत तो पुनःपुन्हां भेटतो. पण नमुना कोठला यापेक्षां त्याचा उपयोग काय केला, हें पाहणें अधिक फायद्याचें.

आठ ओळींतलें बाहेरून मिठी मारणारें यमक मराठींत कितपत ऐकूं येतें? आमच्या पंडितकवींच्या श्लोकांनीं कानाला लावलेली संवय निराळी. चारहि चरणांना एकच यमक किंवा शेजारच्या जोडीला एक यमक, म्हणजे टाळी पडते न पडते तों दुसरी तयार. येथें पहिल्या ओळीच्या टोकाचा ध्वनि चौथ्या ओळीच्या टोकाला पुन्हां भेटेपर्यंत सत्तावन्न अक्षरें मध्यें जातात, इंग्रजींत तीसच. इतका वेळ कान त्या ध्वनीची वाट पाहत बसत नाहीं, असें आम्हांला अनेकदां मोठ्यानें वाचून आढळलें आहे. डोळ्यांना दिसणारें यमक कानाला मात्र पुसट होतें. मग तें सर्वस्वी वायां गेलें काय? नाहीं. चौथी आणि पांचवी ओळ एकाच यमकाच्या असल्यामुळें पहिलें कडवें संपलें तेथेंच दुसरें त्याला ध्वनीनें चिकटतें. कागदावर मध्यें मोकळी जागा सोडलेली असली तरी कानाला फट जाणवत नाहीं. दिक्कालांच्या पलीकडे पाहणारी दृष्टि आणि तिच्यापुढें फिका पडणारा इहलोकींचा डौल, ही अर्थाची सांखळी तेथें यमकानेंच जोडली आहे. ‘या’चें यमक मानानें दुबळें, दोनदां तर तो केवळ क्रियापदाचा प्रत्यय आहे, आणि प्रत्ययाला प्रत्यय जुळविण्यांत कोणाचेंच कौशल्य नसतें. ‘के’चीं यमकें मात्र अस्सल मराठी आणि ठसठशीत आहेत.

नवव्या ओळीपासून यमकाची चाल बदलते, आणि या बदलांतच कवितेचें खरें मर्म आहे. नववी ओळ एक प्रश्न विचारते, दहावी दुसरा. अकरावी व बारावी हीं त्यांचीं उत्तरें, दोन्ही एकाच शब्दांनीं सुरू होणारीं. यमक एकाआड एक असल्यामुळें पहिल्या प्रश्नाला पहिलें उत्तर आणि दुसऱ्या प्रश्नाला दुसरें उत्तर ध्वनीनें बांधलेलें आहे. अर्थहि तसाच बांधलेला. पोकळींत देवांचीं वसतिस्थानें कोणीं उभारलीं, हा पहिला प्रश्न. उत्तरांत देवांचें अमृत ज्यांच्या कृतींतून पाझरतें ते. पृथ्वीला स्वर्गाच्या तोलाची करावयास कोण झटतात, हा दुसरा. उत्तरांत तुमचें मंगल ज्यांच्यापासून होतें ते. देवांच्या प्रश्नाला अमृताचें उत्तर, पृथ्वीच्या प्रश्नाला माणसांच्या कल्याणाचें. येथें यमक आणि अन्वय इतके एकजीव झाले आहेत कीं, ओळींचा क्रम हलविला तर कोडें आणि त्याची उकल यांची ताटातूट होईल. सबंध कवितेंत या चार ओळींना आम्ही सर्वांत वर ठेवतों. अकराव्या ओळींत संबंधी सर्वनाम त्याच्या नामाच्या मागून, तेंहि यतीच्या पलीकडे येतें. हा दूरान्वय आहे खरा, पण त्याची माफी द्यावी.

सुनीताच्या आठ ओळींनंतर विचाराला कलाटणी मिळाली पाहिजे, असा संकेत आहे. या सुनीतांत कलाटणीच नाहीं, कवि त्याच तारेवर चढ्या आवाजांत बोलत राहतो, असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. आक्षेप घेणारांनीं ‘कोण’ हा शब्द कोठें कोठें आला आहे तें पाहावें. पहिल्या ओळींत तो दुसऱ्याच्या तोंडीं आहे. कोणीतरी कवीला हिणवून विचारतो आहे. नवव्या आणि दहाव्या ओळींत तोच प्रश्न कवि विचारणारावर उलटवितो. नेमक्या याच दोन ओळींत ‘आम्ही’ कोणत्याहि रूपानें नाहीं. त्याची जागा ‘कोण’ने घेतली आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा असलेला मनुष्य एकाएकीं वकिलाची उलटतपासणी घेऊं लागावा, तशी ही कलाटणी आहे. आणि आणखी एक गंमत: ‘कवि’ हा शब्द चौदाहि ओळींत एकदांसुद्धां आलेला नाहीं. ‘कोण’ या प्रश्नाचें नांवानें उत्तर दिलेलेंच नाहीं, फक्त कामांनीं दिलें आहे. निव्वळ बढाईखोर मनुष्य आपलें नांव सांगावयास विसरेल काय?

ओळ ओलांडून जाणाऱ्या वाक्यांविषयीं थोडें. पहिल्या ओळींत प्रश्न अगदीं बाराव्या अक्षरावर, यतीच्या ठिकाणीं संपतो, आणि उरलेल्या सात अक्षरांत उत्तराला आरंभ होतो. पण तें उत्तर ओळींत पुरें होत नाहीं. ‘लाडके’ एवढें म्हणून ओळ संपते. कोणाचे लाडके, हें कळावयास दुसऱ्या ओळीचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि तेथें तो शब्द तीन गुरूंचा आख्खा मगण व्यापून बसलेला आढळतो. चिमटीभर थांबल्यामुळें त्या तीन अक्षरांना जें वजन आलें तें दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें आलें नसतें. सहाव्या ओळीवरून सातवींत उतरणारें वाक्य याच जातीचें, पण तेथें कर्माचा शब्द पुढें ढकलण्यांत जागेची सोय अधिक दिसते. आठव्या ओळींत ‘तुम्ही’पाशीं, आठव्या अक्षरावर, अर्थ थबकतो व यतीवर थबकत नाहीं; फोल पाखडणारा आणि दाणा निवडणारा यांच्यामधली रेघ वृत्तानें आंखलेली नसून बोलण्यानें आंखलेली आहे. दिक्कालांतून सुपापर्यंत खालीं येण्याचें हें धाडस त्या काळच्या भारदस्त वृत्तांत किती जणांनीं केलें असतें?

विडंबनाचा उल्लेख वर आलाच आहे. अत्र्यांनीं वृत्त तेंच ठेवलें, आरंभींचा प्रश्न ठेवला, पहिल्या चार ओळींतलें मिठीचें यमकहि ठेवलें; आणि जड पावलांच्या जागीं फोटो आणि मासिकें आणून बसविलीं. त्या काळच्या मिरवणाऱ्या कवींची ही थट्टा आम्हांला मनापासून आवडते. परंतु ती ज्या आसनांवर चढून उड्या मारते, तीं आसनें मूळ कवितेनें भक्कम करून ठेवलेलीं आहेत. घाट ज्याला नाहीं त्या कवितेचें विडंबन होत नाहीं, फार तर टवाळी होते.

राहिल्या शेवटच्या दोन ओळी. दोन्हींचीं पहिलीं सहा अक्षरें शब्दशः एक. तीन गुरु, मग दोन लघु आणि एक गुरु. आणि नंतर स्वल्पविराम. येथवर कवि सांगत होता, विचारीत होता. आतां तो आज्ञा करतो: आम्हांस वजा करून पाहा. पहिली वजाबाकी आकाशांतली, दुसरी बाजारांतली. तेराव्या ओळींत यति रीतसर बाराव्या अक्षरावर पडतो, शब्द तेथें पुरा होतो आणि श्वास घेतां येतो. चौदावींत मात्र बाराव्या अक्षरावर शब्द संपतच नाहीं. ‘कवडी’ आणि तिचें ‘मोल’ यांचा समास यतीच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला आहे. समासाच्या सांध्यावर यति पडला तर शास्त्र त्याला दोष देत नाहीं. पण तेरा ओळी यतीवर विसांवा घ्यावयास शिकलेला कान येथें थांबूं पाहतो आणि त्याला थांबूं दिलें जात नाहीं, वाक्य तसेंच शेवटापर्यंत उतरत जातें. मंगलाष्टकाच्या चालीवर ही कविता म्हणणारे येथें हमखास ‘कवडी’वर तान घेऊन थांबतात, आणि ‘मोल’ बिचारें पुढच्या श्वासापर्यंत ताटकळत राहतें.